बिनफाटकाचं कुंपण

एकवीस दिवसांत कुंपण पुरं झालं, साहेबांची सही झाली आणि धाकटा पक्का ठेकेदार झाला.

हे वाचून कुणी हरखून जाऊ नये. ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी घरातलं कुणीही काही झाल्यासारखं वागलं नाही. आईने नळाला पाणी आलंय का ते पाहिलं, बायकोने दोरीवरचे कपडे काढले. तेव्हा आपणही काहीच झालेलं नाही असं धरून चालू. धाकटा अजून ठेकेदार नाही. तो कार्यालयाच्या खिडकीसमोर उभा आहे, आणि दोरीला बांधलेल्या पेनाने अर्ज भरतो आहे. दोरी आखूड असल्यामुळे अर्ज पेनाजवळ न्यावा लागतो.

‘कामगार संख्या’ असा एक रकाना होता. त्यात धाकट्याने एक लिहिलं.

“हा एक कोण?” खिडकीतल्या साहेबांनी विचारलं.

“मी.”

“तुम्ही ठेकेदार ना?”

“हो.”

“मग ठेकेदार कामगार कसा असेल? खोडा ते.”

“पण काम मीच करणार आहे.”

“करा की. नको कोण म्हणतंय? फक्त इथे लिहू नका.”

धाकट्याने एक खोडला आणि शून्य काढलं. हाताला पहार-फावड्याची सवय, त्यामुळे शून्य जरा मोठं झालं आणि रकान्याबाहेर गेलं. साहेबांनी ते पाहिलं, पण मोठ्या शून्याबद्दल नियम नसल्यामुळे ते काही बोलले नाहीत.

“पूर्वानुभव?”

“चौदा वर्षं. कुंपणाचंच काम.”

“कुणाकडे ते लिहायची गरज नाही. वर्षं लिहा नुसती.”

हे एक बरं झालं. कुणाकडे ते लिहायचं तर ‘दादाकडे’ असं लिहावं लागलं असतं, आणि दादाचं नाव आजकाल धाकट्याच्या तोंडून निघत नव्हतं, पेनातून कुठून निघणार?

साहेबांनी शिक्का मारला. नोंदणी तात्पुरती होती. सरकारी रोपवाटिकेला काटेरी तारेचं कुंपण घालायचं, एकवीस दिवसांत. काम पसंत पडलं तर नोंदणी पक्की. नाही पडलं तर नोंदणी रद्द, आणि पुढची तीन वर्षं अर्ज करायचा नाही.

“तीन वर्षं काय करायचं मग?” धाकट्याने विचारलं.

“आधी काय करत होता?”

आधी धाकटा दादाचा माणूस होता.

हे ‘माणूस’ प्रकरण असं झालं होतं. दोन महिन्यांपूर्वी दोघं भाऊ एका मळ्याला कुंपण घालत होते. मळ्याच्या बाई बाहेर आल्या, दादाशी बोलल्या, मग धाकट्याकडे बोट करून म्हणाल्या, “हे कोण?” दादा तोंडात दोन खिळे धरून होता. खिळे न काढता तो म्हणाला, “आमचा माणूस आहे.”

मग चहा आला. बाईंचा आणि दादाचा कपबशीतून, ओट्यावर. धाकट्याचा स्टीलच्या पेल्यातून, पायरीवर. त्याचं धाकट्याला एवढं काही वाटलं नाही. आपण तो चहा प्यायलो याचं वाटलं. वर ‘साखर बरोबर आहे’ असंही म्हणालो, याचं तर फारच वाटलं.

त्या दिवशी घरी येईपर्यंत तो बोलला नाही. घरी आल्यावर बोलला, आणि मग पुढे दोघंही बोलले नाहीत.

घर एकच होतं, मधे भिंत होती. पलीकडे दादा-वहिनी, अलीकडे धाकटा आणि त्याची बायको. अंगण एक, नळ एक आणि आई एक. आई सकाळी अलीकडे जेवायची, संध्याकाळी पलीकडे, आणि दोन्हीकडचं बोलणं ताटाबरोबर इकडून तिकडे न्यायची.

“तो म्हणतो,” आई सांगायची, “माणूस म्हणालो त्यात चुकलं काय? जनावर तर म्हणालो नाही.”

“त्याला सांग, भाऊ म्हणायला काय झालं होतं?”

आई संध्याकाळी पलीकडे गेली आणि सकाळी परत आली. “तो म्हणतो, तोंडात खिळे होते.”

“भाऊ शब्द छोटा आहे माणसापेक्षा.”

“आता हे मी सांगणार नाही,” आई म्हणाली. “माझे गुडघे दुखतात.”

*

रोपवाटिका गावाबाहेर होती. दोनशे फूट लांब, दीडशे फूट रुंद. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. माळावरचं गवत संपलं, मग काटेरी झुडपांची पालवी संपली, आणि शेळ्यांनी रोपांकडे मोर्चा वळवला. म्हणून कुंपण. रोपवाटिकेला एक राखणदार होता. तो पत्र्याच्या आडोशाला बसून राखण करायचा. रोपं खाणाऱ्या शेळ्यांपैकी बऱ्याचशा त्याच्याच होत्या, त्यामुळे त्याला प्रत्येकीची सवय तोंडपाठ होती.

“सत्तर खांब,” धाकटा म्हणाला. “सत्तर खड्डे, दोन-दोन फूट.”

“माणसं कधी येणार?” राखणदाराने विचारलं.

“आलीत.”

राखणदाराने त्याच्या मागे पाहिलं. मागे सायकल होती.

जमीन भाजलेल्या विटेसारखी झाली होती. पहार मारली की पहारच परत यायची, आणि येताना मनगटातून खांद्यापर्यंत एक झिणझिणी चढवायची. धाकट्याने आदल्या दिवशी खुणा करून प्रत्येक खुणेवर डबाभर पाणी ओतून ठेवायचं ठरवलं. रोपांचंच पाणी, त्यामुळे राखणदाराची परवानगी घ्यावी लागली. राखणदार म्हणाला, रोपं तशीही मरतायत, खड्डे तरी जगू देत.

दिवसाला सात खड्डे. सकाळी तीन, दुपारी दोन, उन्हं उतरल्यावर दोन. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले, चौथ्या दिवशी ते फुटले, सहाव्या दिवशी तिथली कातडी टायरासारखी झाली. खड्ड्यातली माती वर काढायला तो गुडघ्यावर बसायचा, मग पोटावर झोपायचा आणि हात खांद्यापर्यंत आत घालून मूठमूठ काढायचा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, एक माणूस जमिनीच्या कानात काहीतरी सांगतोय.

दादाबरोबर असताना एक खणायचा, एक माती काढायचा, आणि मधल्या वेळात दादा शिव्या द्यायचा. शिव्यांशिवाय खड्डा एवढा खोल जातो हे धाकट्याला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच स्वतःला एक शिवी देऊन पाहिली. दादाची होती तीच. पण ती तेवढी लागली नाही.

जेवायला तो रोपवाटिकेच्या आतल्या एका झाडाखाली बसायचा. तिथे एक लोखंडी सांगाडा आडवा पडलेला होता, कार्यालयाने कधीतरी आणून टाकलेला. त्यावर बसलं की मुंग्या लागत नव्हत्या. डबा उघडला की घरून बायकोने घडी करून ठेवलेला कपडा, आणि त्या कपड्याच्या घडीत घरातला वास. तो आधी वास घ्यायचा, मग जेवायचा.

“एकटंच किती वेळ बसता तिथे?” बायकोने विचारलं.

“एकटा कुठे? मालक असतो ना बरोबर.”

“कुठला मालक?”

“मीच.”

“मग बोलता का मालकाशी?”

“तो फार बोलत नाही. कामाच्या वेळेत तर नाहीच.”

बायको हसली, मग हसायची थांबली. “मी येऊ का उद्यापासून?”

“तू आलीस तर शून्य चुकेल,” धाकटा म्हणाला. तिला ते समजलं नाही. त्याला समजावून सांगावंसं वाटलं नाही. शिवाय ती सकाळी शिलाईच्या कारखान्यात जायची; तिथला पगार सुटला असता तर घरात दोन ठेकेदार झाले असते.

दहाव्या दिवशी सत्तरावा खांब उभा राहिला. ओळंबा लावून पाहिला, एकही कलला नव्हता. चारी कोपऱ्यांना टेकू दिले. हे दाखवावं असं कुणी नव्हतं म्हणून त्याने राखणदाराला हाक मारली. राखणदार आला, एका खांबाला पाठ घासली आणि म्हणाला, “शेळ्यांना आवडेल.”

*

अकराव्या दिवशी तार सुरू झाली, आणि खरी अडचण तिथे होती.

काटेरी तार ताणायची तर दोन टोकांना दोन माणसं लागतात. एक टोक कोपऱ्याच्या खांबाला बांधायचं, दुसऱ्या टोकाला ताणयंत्र लावून दांडा मागे-पुढे करायचा. जसजसा ताण येतो तसतशी पलीकडची गाठ सरकते का, खांब हलतो का, हे त्या टोकाला उभं राहून पाहावं लागतं. चौदा वर्षं ताणयंत्र दादाकडे आणि गाठ धाकट्याकडे. दादा चार दांडे मारायचा आणि ओरडायचा, “आहे का?” धाकटा गाठीवर हात ठेवून, तारेवर पक्कड वाजवून, आवाज ऐकून ओरडायचा, “आहे!” तो ‘आहे’ आल्याशिवाय दादा पाचवा दांडा मारत नसे. एकदा धाकट्याला जोराची शिंक आली म्हणून ‘आहे’ यायला उशीर झाला होता, तर दादा दांडा सोडून दोनशे फूट धावत आला होता.

आता धाकट्याने भंगारातून आणलेलं ताणयंत्र तारेला लावलं. चार दांडे मारले आणि सवयीने ओरडला, “आहे का?”

माळ गप्प होता. एका शेळीने वर पाहिलं.

तो दोनशे फूट चालत गेला. गाठीवर हात ठेवला, पक्कड वाजवली, ऐकलं. मग, कुणी नव्हतं तरी, म्हणाला, “आहे.” हळूच म्हणाला. मग दोनशे फूट परत आला आणि पुढचे चार दांडे मारले.

एका बाजूला पाच तारा, चार बाजू, म्हणजे वीस तारा. प्रत्येक तारेला चार-पाच वेळा ‘आहे का’. दुसऱ्या दिवशी त्याने राखणदाराला विचारलं, “काका, नुसतं तिकडे उभं राहायचं आणि आहे म्हणायचं. जमेल?”

“माझी नेमणूक राखायची आहे,” राखणदार म्हणाला. “सांगायची नाही.”

“शेळ्या आत गेल्या तर सांगाल की नाही?”

“शेळ्या माझ्या आहेत. कुणाला सांगू?”

मग धाकट्याने गाठीवर एक रिकामा पत्र्याचा डबा टांगला. गाठ सरकली तर डबा पडून वाजेल, म्हणजे तेवढं चालणं वाचेल. दोन तारा ठीक गेल्या. तिसऱ्या तारेला डबा वाजला नाही पण गाठ सुटली. तार सापासारखी उसळत दोनशे फूट आली आणि त्याच्या कानाजवळून जाऊन धुळीत आपटली. दंडावर चार काट्यांची ओळ उठली, एकसारख्या अंतरावर, मोजून काढल्यासारखी. डबा अजून खांबालाच लटकत होता. त्याची काही तक्रार नव्हती.

धाकटा खाली बसला. कान जाग्यावर आहे का ते त्याने हाताने पाहिलं. कान होता. “आहे,” तो म्हणाला.

त्यानंतर त्याने डबा काढला आणि चालायला सुरुवात केली. दिवसभरात किती चालणं होत होतं कोण जाणे. सरळ रेषेत चालला असता तर अनोळखी गावात पोचला असता.

संध्याकाळी धाकटा नळावर दंड धूत असताना दादा अंगणात आला. दादाने दंडाकडे पाहिलं. चार काटे कशाने लागतात हे त्याला सांगायची गरज नव्हती. त्याने आपली बादली उचलली, अर्धी भरलेली, आणि आत गेला.

*

अठराव्या दिवशी, उन्हं कलताना, विसावी तार ताणून झाली. शेवटचा खिळा ठोकून धाकट्याने चारी बाजूंनी नजर फिरवली. सत्तर खांब, वीस तारा, कुठे झोळ नाही. पक्कड मारली तर तार वीणेसारखी नाही, पण तारेसारखी वाजत होती. त्याला तहान लागली. पाण्याचा डबा सायकलला होता. सायकल बाहेर होती.

तो पूर्वेकडे गेला. मग दक्षिणेकडे गेला. मग चारी बाजूंनी एकदा पूर्ण चक्कर मारली, आणि जिथून निघाला तिथे परत आला.

“काय शोधताय?” राखणदाराने बाहेरून विचारलं.

“काही नाही.”

“फाटक कुठे काढलंय?”

धाकटा झाडाखाली गेला आणि ज्या लोखंडी सांगाड्यावर अठरा दिवस डबा खाल्ला होता तो उभा करून पाहिला. त्याला बिजागऱ्या होत्या. कडी होती. दहा फूट रुंद, चांगलं दणकट फाटक होतं.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. चौदा वर्षं तो लांबच्या कोपऱ्यातून तार घेऊन यायचा. फाटक नेहमी दादाच्या टोकाला असायचं, तो पोचायच्या आधी लागलेलं. त्याच्या हातांना वाटायचं, कुंपण नीट घातलं की शेवटी फाटक आपोआप येतं.

तो दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेमधून बाहेर निघाला. स्वतःच ताणलेल्या तारा; त्या जराही वाकल्या नाहीत. सदरा पाठीवर फाटला. राखणदार म्हणाला, “काम मजबूत आहे.”

एकोणिसाव्या दिवशी पाहणी होती. कार्यालयात माणसं कमी असल्यामुळे खिडकीतले साहेबच टेप घेऊन आले. खिडकीबाहेर ते बरेच बुटके होते. त्यांनी कुंपणाला एक फेरी मारली, धाकट्याने मागून मारली.

“आत जायचं कुठून?”

“साहेब, फाटक बसवायचं राहिलंय.”

“ते दिसतंच आहे. पाहणी आतून करायची असते. नियम आहे.”

“या दोन तारांमधून...”

साहेबांनी तारांकडे पाहिलं, मग आपल्या पँटकडे. मग त्यांनी खांबावर कागद धरून लिहिलं : ‘काम भक्कम आहे. इतके की पाहणी होऊ शकली नाही.’

“एकविसाव्या दिवशी संध्याकाळी परत येतो,” ते म्हणाले. “आत जाता आलं तर सही. नाही तर तीन वर्षं.”

फाटक घालायचं म्हणजे दोन जाड खांब रोवून मधल्या पाच तारा कापायच्या. तार कापली की तिची दोन टोकं होतात, आणि दोन्ही टोकांना एकाच वेळी सारखा ताण द्यावा लागतो. नाहीतर एका बाजूचा खांब आडवा होतो आणि त्याच्यामागून पुढचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे चालत जाऊन हे होत नाही. इथे दोन माणसं लागतात, दोन ताणयंत्रं लागतात. धाकट्याने खूप विचार केला, पण त्याची संख्या एकाच्या वर गेली नाही. आणि कागदावर तर शून्यच होती.

*

विसाव्या दिवशी सकाळी तो सायकल मारत दादाच्या कामावर गेला. दादा एका वखारीला कुंपण घालत होता. रस्त्यावरूनच त्याला दादाची पाठ दिसली, दांड्यावर वाकलेली. दुसऱ्या टोकाला नवा माणूस होता. त्याला सगळे होयबा म्हणायचे.

“आहे का?” दादा ओरडला.

“आहे!” होयबा म्हणाला. तो दुसरीकडे पाहत होता.

तार सैल होती. रस्त्यावरून धाकट्याला कळलं, दांड्यावरून दादाला कळलं. दादाने मान वर केली, रस्त्याकडे पाहिलं, धाकट्याला पाहिलं. दोघांनाही माहीत होतं की नाहीये. दादाने दांडा मारला.

धाकटा सायकल लावून आत आला. कपाळाचा घाम पुसत दादा म्हणाला, “काय काम काढलंस?” अडीच महिन्यांत पहिलं वाक्य, आणि तेही गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

“फाटक.”

“राहिलं?”

“राहिलं.”

दादा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

“किती रुंद?”

“दहा फूट.”

“खांब रोवलेस?”

“आज रोवतो.”

“टेकू आतून दे. बाहेरून दिलास तर लोक धडपडतात.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे तर ठीक.”

होयबा तिकडून ओरडला, “आहे!” त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

“उद्या सकाळी माणूस पाठवतो,” दादा म्हणाला. “त्याच्याबरोबर माझं जुनं ताणयंत्रही देतो.”

“आणि तू...”

“मला तिथे येता यायचं नाही.”

“मी कुठे म्हणालो तू ये म्हणून?”

“मी पण तेच म्हणतोय.” दादाने खिशातून दोन खिळे काढून तोंडात धरले. बोलणं संपलं.

परत येताना वारा समोरून होता. ‘येता यायचं नाही’ हे वाक्य धाकट्याने वाटेत चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. वेळ नाही, असं नाही. मन नाही, असंही नाही. यायचं नाही. माणसाने भावासाठी इतकंही येऊ नये?

*

एकविसाव्या दिवशी होयबा आला. खांब आदल्या संध्याकाळीच रोवून, दगड ठासून, टेकू देऊन झाले होते. दोन खांबांच्या दोन बाजूंना दोघं उभे राहिले. मधे दहा फूट.

“सावकाश घे,” धाकटा म्हणाला. “मी विचारल्याशिवाय दांडा मारायचा नाही. आहे का?”

“आहे!”

“मी अजून ताणलंच नाही.”

“मग येईल.”

“येईल नको. आल्यावर सांग.”

“सांगतो की. आहे!”

दर चार दांड्यांनी धाकटा आपला दांडा अडकवून, दहा फूट जाऊन, होयबाची तार स्वतः वाजवून परत येत होता. होयबाला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याला कशाचंच वाईट वाटत नव्हतं. पाचवी तार कापली तेव्हा दोन्ही खांब किंचित कुरकुरले आणि उभे राहिले. दुपारी फाटक बिजागऱ्यांवर चढलं. धाकट्याने ते उघडलं, बंद केलं, परत उघडलं. पहिली आत गेली ती शेळी.

साहेब संध्याकाळी आले. फाटकातून आत गेले, उगाच बाहेर आले, परत आत गेले. टेप लावली. आकडे जुळले. मग त्यांनी होयबाकडे पेन रोखलं.

“हा कोण? तुमच्याकडे तर शून्य आहेत.”

“दुसऱ्या एका ठेकेदाराचा आहे. मदतीला दिला.”

“असू दे. एवढं शेवटचं भरा.” साहेबांनी नोंदवही उघडून पुढे केली. छापील ओळ होती : ‘या कार्यालयाकडे नोंद असलेल्या कोणत्याही ठेकेदाराशी माझे नाते आहे / नाही.’ “नको ते खोडा आणि सही करा. एका घरातल्या दोघांना नोंदणी देता येत नाही. असले तर नव्याची रद्द होते.”

धाकट्याच्या हातात पेन तसंच राहिलं.

“काय झालं? तुमच्या आडनावाचे एक जुने आहेत आमच्याकडे, पण त्यांचा प्रश्न मिटलाय.” साहेबांनी चार पानं मागे उलटली. “वरून विचारणा आली होती, मी बोलावून घेतलं त्यांना. म्हणाले, कोण हा? मी ओळखत नाही. हे बघा, लिहून दिलंय.”

अक्षर दादाचं होतं. ‘आहे’ खोडलेलं होतं, दोनदा, कागद फाटेपर्यंत. खाली तारीख. धाकट्याने मनात हिशेब लावला. तेरावा दिवस. दादा अर्धी बादली घेऊन आत गेला होता, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

“माणूस जरा विचित्र आहे,” साहेब म्हणाले. “दारापर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, किती खांब झाले त्याचे? मी म्हटलं, तुम्ही तर ओळखत नाही ना? तर म्हणाला, सहज विचारलं.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“मला काय माहीत किती झाले ते! सत्तर म्हटलं. काम सत्तरचंच आहे ना? तर म्हणाला, एकट्याने? आणि गेला.”

राखणदाराने शेळ्यांना हाक घातली. होयबा फाटकाला टेकून ‘आहे, आहे’ असं काहीतरी गुणगुणत होता. धाकट्याने कागदावर हात ठेवला, घाम लागून तो भिजला, म्हणून उचलून सदऱ्याला पुसला आणि परत ठेवला. मग त्याने ‘आहे’ खोडलं. एकदाच. सही केली.

“अभिनंदन,” साहेब म्हणाले आणि शिक्क्यावर फुंकर मारली.

घरी गेला तर दोरीवरचे कपडे काढून झाले होते. “झालं?” बायकोने विचारलं. “झालं,” तो म्हणाला. नळाला पाणी आलं होतं. दादा बादली लावून उभा होता. धाकटा आपली घेऊन मागे उभा राहिला. एका हाताचं अंतर होतं. बादली भरायला लागतो तेवढा वेळ लागला. दादाने भरलेली बादली उचलली, धाकट्याची रिकामी नळाखाली सरकवली आणि आत गेला.

“दोघांनाही काय झालंय?” उंबऱ्यात बसलेली आई म्हणाली. “आता तरी बोला.”

“नियम नाही,” धाकटा म्हणाला.

पुढच्या सोमवारी तो खिडकीशी गेला आणि दोरीला बांधलेल्या पेनाने त्याने एक अर्ज लिहिला. तो असा :

प्रति,
मा. साहेब, नोंदणी खिडकी.

विषय : नाते नसल्याच्या लेखी निवेदनातून आठवड्याची सुट्टी वगळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्याकडील पक्का ठेकेदार असून, माझ्या आडनावाचे जुने ठेकेदार व मी, अशा दोघांनी नाते नसल्याचे स्वतंत्रपणे लिहून दिले आहे. सदर निवेदन आजतागायत काटेकोरपणे पाळण्यात येत आहे. नळावर समोरासमोर आलो असता दोघांपैकी कोणीही ओळख दाखवलेली नाही. आई साक्षीदार आहे.

तथापि, निवेदनात सुट्टीच्या दिवसाचा उल्लेख नाही. तरी आठवड्यातून एक दिवस, कार्यालय बंद असताना, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळेत, सदर दोन ठेकेदारांना सख्खे भाऊ असण्याची परवानगी मिळावी. या वेळेत कोणतेही कुंपण घालण्यात येणार नाही, तसेच संध्याकाळी सहानंतर नाते आपोआप संपुष्टात आले असे समजण्यास माझी हरकत नाही.

परवानगी दोघांना एकत्रच द्यावी. मला एकट्याला मंजूर झाल्यास तिचा उपयोग करता येणार नाही.